फॉर्ममध्ये कुणाचं नाव घालू?

पत्र लांब होतं, थोडं कापून देते:

"माई, मी तिसरीला शिकवते. आमच्या शाळेत हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग सुरू होतोय, आधी वर्गशिक्षकांनी नावं सुचवायची मग त्या मुलांची टेस्ट. माझ्या डोक्यात एक मुलगा आहे. अपूर्णांक शिकवत होते तर म्हणाला, बाई दोन अपूर्णांकांच्या मध्ये अजून एक बसतोच ना, मग हे संपणार कधी? पण वही कायम अर्धवट, अक्षर वाचवत नाही, मार्क बेताचे, आणि सारखा मध्ये बोलतो. स्टाफरूममध्ये त्याचं नाव काढलं तर सगळे हसले. इकडे पहिल्या नंबरवाल्या मुलीची आई रोज मेसेज करतेय, आमचं नाव घाला म्हणून. त्याचं नाव दिलं आणि टेस्टमध्ये नाही झालं तर? तो हिरमुसेल आणि माझंही हसं होईल. – गोंधळलेली बाई"

अगं, घाल त्याचं नाव. खरं उत्तर एवढंच, पुढचं सगळं कसं घालायचं त्याबद्दल.

तू असं धरून बसली आहेस की नाव सुचवलं म्हणजे हा मुलगा असामान्य आहे अशी सही करून दिली. तसं नाहीये गं. टेस्ट घेणारे वेगळे, निवडणारे वेगळे, तू फक्त एवढं सांगतेयस की या पोराला माझ्या वर्गात मिळतंय ते पुरत नाहीये, जरा बघा. आणि या टेस्टांची सुरुवात तरी कशी झाली, 1905 मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी चाचणी बनवली ती हुशार मुलं निवडायला नाहीच, कुणाला शाळेत जास्तीची मदत लागणार ते ओळखायला. तुझ्या मुलालाही मदतच लागतेय, फक्त उलट्या टोकाने.

स्टाफरूमचं हसणं सोडून दे. भरलेल्या वर्गात कुणाच्याही डोळ्यात भरतं ते पूर्ण वहीवालं, हात वर करून बोलणारं, शांत मूल. हे सगळीकडे होतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात आधी शिक्षक आणि पालक सुचवतील त्याच मुलांची टेस्ट व्हायची, मग त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांना एक छोटी चाचणी दिली, तर गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं अचानक कितीतरी जास्त सापडली. मुलं तीच, शाळा त्याच, आधी कुणी त्यांचं नावच घेतलं नव्हतं. तुमच्याकडे सगळ्यांची टेस्ट नाहीये म्हणजे दार तुझ्या फॉर्ममधूनच आहे, तू नाही लिहिलंस तर विषय तिथेच संपला.

आता टेस्टमध्ये नाही झालं तर. होऊ शकतं, खोटा धीर देत नाही. बऱ्याच ठिकाणी कट-ऑफ 130 बुद्ध्यांकाचा (IQ) असतो, म्हणजे शंभरातली साधारण वरची दोन मुलं, पण 128 वालं पोर आणि 131 वालं पोर यांच्यात कधीकधी रात्रीच्या झोपेचाच फरक असतो. लुईस टर्मनने 1921 मध्ये कॅलिफोर्नियात हुशार मुलं शोधायला मोठी मोहीम काढली, तिच्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन पोरं गळली. दोघांनाही पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 मध्ये. (शॉकली नंतर बुद्ध्यांकाच्या नावाने वंशवादी बरळायला लागला, ते एक वेगळंच दुर्दैव.) तेव्हा नाही आला निकाल तर नाही आला, तो प्रश्न विचारणारं डोकं दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गात तसंच बसलेलं असणार.

फॉर्ममध्ये "अत्यंत हुशार, चौकस" असलं काही लिहू नकोस, ते सगळेच लिहितात आणि कुणी वाचत नाही. अपूर्णांकाचा प्रश्न त्याच्या शब्दांत जसाच्या तसा लिही, कधी विचारला, तू काय म्हणालीस, त्यावर तो काय म्हणाला. अर्धवट वहीपण लिही, लपवू नकोस. दहातली कुठली गणितं सोडवतो आणि कुठली सोडतो ते एकदा नीट बघ, सोपी सोडून अवघड करत असेल तर ते फार बोलकं आहे. वाढदिवस बघ, वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी असेल तर तेही टाक, कारण वयाने जवळजवळ वर्षभर मोठ्या मुलांशी आपण त्याची तुलना करत असतो.

एक गोष्ट मात्र फॉर्मइतकीच महत्त्वाची. अक्षर इतकं वाईट आणि तोंडी इतकं चांगलं, हे नुसत्या आळसाने होतंच असं नाही. डोळे तपासलेत का? लिहिण्या-वाचण्यातली एखादी अडचण आहे का? मूल हुशारही असतं आणि त्याला डिस्लेक्सियाही असतो, आणि एक दुसऱ्याला असं झाकतं की बाहेरून नुसतं बेताचं पोर दिसतं. शाळेत स्पेशल एज्युकेटर असतील तर आत्ताच बोल, निकालाची वाट नको.

त्याला काय सांगायचं? "तू जीनियस आहेस म्हणून पाठवतेय" हे अजिबात नको. म्यूलर आणि ड्वेक यांचा 1998 चा अभ्यास आहे, हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या वेळी सोपं काम निवडायला लागली, म्हणजे हुशार हे बिरुद जायला नको म्हणून. त्याला म्हण, काही कोडी आहेत, तुला आवडतील, काही जमतील काही नाही. बस.

आणि ती मुलगी. आई मागे लागली म्हणून घालू नकोस आणि आई मागे लागली म्हणून गाळूही नकोस, हे दुसरं रागाच्या भरात आपल्याकडून पटकन होतं. शिकवलेलं बिनचूक करणं आणि शिकवलेल्याच्या पुढे जाणं यातलं तिच्यात काय दिसतं ते आठव आणि तेच लिही. आईला मात्र आधीच सांग की तिथे सगळेच पहिल्या नंबरवाले, त्यात ती मधली कुठेतरी असेल आणि काही मुलांना ते फार लागतं.

दोन्ही घरांशी वेगवेगळं, समोरासमोर बोल, पालकांच्या ग्रुपवर यातलं एक अक्षर टाकू नकोस. आणि निकाल येईपर्यंत त्या पोराला एकाच प्रकारची दहा गणितं देणं बंद कर, दोन दे, आणि तिसरं त्यालाच बनवायला सांग.