लॅटिन साहित्यातला एकच प्रसिद्ध उतारा वाचायचा असेल तर कोणता वाचावा?

रोमन लेखक धाकट्या प्लिनीची, इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरची पत्रं. कवी व्हर्जिलने रंगवलेला ट्रॉयचा विध्वंस थोर आहेच, पण त्याला पूर्वतयारी लागते. इथे काहीच लागत नाही.

इ.स. 79 मध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा प्लिनी 17 वर्षांचा होता, मिसेनम या बंदरात मामाकडे. मामा तिथल्या आरमाराचे प्रमुख आणि पक्के अभ्यासू. पाइनच्या झाडासारखा वर जाऊन पसरलेला ढग दिसला, म्हणून आधी निव्वळ कुतूहलाने निघाले; मग मदतीची चिठ्ठी आली आणि मोठी जहाजं पाण्यात उतरवली. स्टाबिया गावाच्या किनाऱ्यावर त्यांचा मृत्यू झाला. दगडांच्या वर्षावात लोक डोक्यावर उशा बांधून घराबाहेर पडले, हा तपशील कल्पनेने सुचणारा नव्हे. ही हकीकत प्लिनीने पुढे इतिहासकार टॅसिटसच्या विनंतीवरून लिहिली.

मला मात्र दुसरं पत्र जास्त आवडतं. जमीन हादरतेय आणि हा पोरगा रोमन इतिहासकार लिव्हीचा इतिहास वाचत बसलाय! मामाचा स्पेनहून आलेला मित्र त्याला झापतो. हे धैर्य होतं की अविचार, प्लिनीलाच ठरवता येत नाही.

त्याच्या पत्रसंग्रहाच्या सहाव्या खंडातली 16 आणि 20 क्रमांकाची पत्रं शोधा. अर्ध्या तासात दोन्ही वाचून होतात.