वाचक विचारतात : युद्धसाहित्यातला कोवळ्या वयाचा शिपाई

प्रश्न : मी निवृत्त भाषाशिक्षक असून जुळे सोलापूर भागात राहतो. आमच्याकडची काही मुले पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतात आणि संध्याकाळी अग्निवीर भरतीच्या लेखी परीक्षेसाठी माझ्याकडे येतात. अभ्यास संपल्यावर मी त्यांना एरिक मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाइट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धातल्या जर्मन शिपायांवरची कादंबरी थोडी थोडी मराठीत सांगू लागलो. अशा पुस्तकांनी पोरे कच खातील, अशी हरकत एका मुलाच्या वडिलांनी घेतली. तरुण शिपायाच्या मनावर होणारे आघात युद्धसाहित्य कसे दाखवते, आणि ते या मुलांपुढे ठेवावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर, त्या वडिलांची हरकत काळजीपोटी आलेली आहे, म्हणून आधी तिचाच विचार करू. पहिल्या महायुद्धावरच्या इंग्रजी कवितेतले सर्वांत विदारक चित्र, विषारी वायूने गुदमरत मरणाऱ्या सैनिकाचे, विल्फ्रेड ओवेन या सैनिक-कवीने रेखाटले. त्या वेळी, म्हणजे १९१७ मध्ये, आघाडीवर मन खचल्यामुळे तो एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार घेत होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा आघाडीवर गेला, ऑक्टोबरमधल्या लढाईतील कामगिरीबद्दल ‘मिलिटरी क्रॉस’चा मानकरी ठरला, आणि युद्धविरामाला जेमतेम आठवडा उरला असताना ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला. तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. ज्याने भीती कागदावर उतरवली त्याने रणात पाठ दाखवली नाही, हे त्या वडिलांना जरूर सांगा.

आता आघातांविषयी. चांगला लेखक शिपायाला क्वचितच रडताना दाखवतो. तो त्याच्या हातातल्या वस्तू दाखवतो. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या रेमार्कच्या कादंबरीत केमेरिख नावाच्या मुलाचा पाय कापलेला आहे आणि त्याच्याजवळ मऊ पिवळ्या चामड्याचे उत्तम बूट आहेत. भेटायला आलेला म्यूलर ते बूट मागतो. वाचकाला क्षणभर त्याची चीड येते. परंतु निवेदक पॉल थंडपणे सांगतो की, केमेरिखला उपयोग असता तर म्यूलर त्यांना हात लावण्याऐवजी स्वतः काटेरी तारांवरून अनवाणी धावला असता. पुढे म्यूलर मरतो आणि बूट पॉलकडे येतात. त्यानंतर ते कोणाचे, हेही ठरलेले आहे. शाळेचा बाक नुकताच सोडलेल्या मुलांचे मन किती लवकर व्यवहारी होते, किंबहुना जगण्यासाठी व्हावे लागते, हे या एका जोडीतून जसे कळते तसे पानभर शोकाने कळले नसते.

दुसरा प्रसंग मुलांना सावकाश सांगावा असा आहे. तोफगोळ्याच्या खड्ड्यात लपलेला पॉल अंगावर कोसळलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो, आणि तो सैनिक तासन्‌तास मरत राहतो. पॉल त्याच्या जखमा बांधतो, त्याला पाणी पाजतो, शेवटी त्याचे पाकीट उघडतो. आत बायको आणि मुलीची छायाचित्रे आहेत. नाव जेरार्ड दुव्हाल, व्यवसायाने मुद्रक. त्या कुटुंबासाठी जगण्याची वचने पॉल त्या प्रेताला देतो, पण सोबत्यांत परतल्यावर युद्ध म्हणजे युद्धच, असे म्हणून ती मनातून काढून टाकतो. माझ्या मते आघात त्या विसरण्यातच सर्वांत स्पष्ट दिसतो.

याच कादंबरीतला कांटोरेक हा शिक्षक सगळ्या वर्गाला भरती व्हायला लावतो. जायची इच्छा नसलेला बेम हा मुलगा सर्वांत आधी मरतो, आणि त्याबरोबर वडीलधाऱ्यांवरचा मुलांचा विश्वासही जातो. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. द्रोणपर्वात अभिमन्यू स्पष्ट सांगतो की त्याला चक्रव्यूह भेदून आत शिरता येते, पण बाहेर पडता येत नाही. तरीही, आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असे आश्वासन देऊन थोरले त्याला पुढे करतात, आणि जयद्रथ त्यांची वाट अडवतो. मग अर्जुनाला आणि सुभद्रेला तोंड कसे दाखवू, म्हणून युधिष्ठिर तळमळतो. अभिमन्यूच्या पराक्रमावर आपण भरभरून बोलतो. युधिष्ठिराचा तो विलाप मात्र वगळून टाकतो, आणि भरतीला निघालेल्या मुलांसमोर तो वगळला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

मराठी शौर्यकथांत साध्या शिपायाचे मन कमी दिसते, याचे कारणही जुने आहे. पानिपताची बातमी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सांकेतिक सावकारी पत्रातून : दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. त्यांच्यावर बखरी झाल्या, पोवाडे झाले. खुर्द्याला नावही मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय शिपायांचा आवाज थोडाफार उरला, तोही त्यांची पत्रे तपासणाऱ्या सरकारी खात्याने उतारे काढून ठेवले म्हणून. अनेकांना लिहिता येत नव्हते, ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असे कोणी घरी कळवी, आणि त्याचा अर्थ हिंदी पलटणी संपून गोऱ्या पलटणींची पाळी आली असा असे. १९१५ च्या जानेवारीत एका जखमी शिपायाने लिहिले की हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितले तसा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्यात तर मराठा पलटणीही होत्या. भुकेने गांजून कैदेत गेलेल्या त्या मुलांवर मराठीत मोठी कादंबरी व्हायला हवी होती.

तेव्हा सर, पुस्तक बंद करू नका. त्या वडिलांनाच एका संध्याकाळी बोलवा, आणि कांटोरेकचा भाग मुलांना त्यांच्या देखत सांगा. साडेसतराव्या वर्षापासून ही मुले अग्निवीर होऊ शकतात; त्या वयाला हे पेलते. मुले प्रश्न विचारतील, कदाचित तुम्हालाच अडचणीत टाकणारे विचारतील. ते विचारू द्या.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मिलिटरीत आहे. सुट्टीवर आला की आईशीसुद्धा धड बोलत नाही. याविषयी साहित्यात काही आहे का?
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आहे, आणि तेही वर उल्लेखिलेल्या कादंबरीतच. पॉल रजेवर घरी येतो. आई आजारी आहे. तिकडे फार हाल होतात का, असे ती विचारते आणि तो नाही म्हणतो. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतात, त्या त्याच्याने सांगवत नाहीत. आपल्या खोलीत तो आवडत्या पुस्तकांसमोर बसून राहतो, पण एकही पुस्तक पूर्वीसारखे मनाला भिडत नाही. केमेरिखच्या आईला मात्र तो, तुमचा मुलगा लगेच गेला, त्याला यातना झाल्या नाहीत, असे शपथेवर खोटे सांगतो. जे पाहिले ते घरात येऊ नये यासाठीची ही धडपड आहे, आणि तुमच्या भावाच्या गप्प राहण्यामागेही असेच काही असू शकेल.

त्याला खोदून विचारू नका, पाहुण्यांसमोर किस्से सांगायचा आग्रह धरू देऊ नका. शेतावर किंवा बाजारात सोबत न्या आणि तो आपणहून बोलेल तेव्हा मध्ये न बोलता ऐका. परंतु झोप लागत नसेल, दचकून उठत असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर कादंबरी बाजूला ठेवून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि सैन्यदलातील लोकांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. त्याची तयारी नसेल तर आधी तुम्ही स्वतः फोन करून, त्याच्याशी हा विषय कसा काढावा, हे विचारून घ्या.