बायबलमधली पुस्तके एकमेकांशी सहमत नसतील, तर ती वाचायची कशी?

आपला प्रश्न असा आहे: बायबल पहिल्यांदाच सलग वाचताना एका ठिकाणी देव वडिलांच्या अपराधाबद्दल मुलांना जबाबदार धरतो, दुसऱ्या ठिकाणी तसे कधीच होणार नाही असे सांगतो, आणि येशूच्या मृत्यूसारखा प्रसंगही चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांत, चार तऱ्हांनी येतो, मग यातले खरे कोणते, आणि जे खरे नाही ते पुस्तकात राहिले कसे? या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला पहिल्यापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. ‘खरे कोणते’ यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. ‘राहिले कसे’ हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

मी स्वतः हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा एका वहीत दोन रकाने आखले होते: डावीकडे एक वचन आणि उजवीकडे त्याच्याशी न जुळणारे दुसरे. वही भराभर भरली, पण समज तेवढ्याने वाढली नाही. पुढे मी तिसरा रकाना ओढला आणि त्यात एवढेच लिहू लागलो की हे कोण, कोणाला आणि कशाच्या उत्तरादाखल सांगत आहे. हा रकाना भरायला वेळ लागतो. काही जागा अजून कोऱ्याच आहेत, पण वाचनाला दिशा मिळाली ती त्यामुळेच.

आपण दिलेलेच उदाहरण घेतो. दहा आज्ञांमध्ये, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, वडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल असे म्हटले आहे. हे तत्त्व राजांच्या दुसऱ्या पुस्तकात प्रत्यक्ष इतिहासाला लावलेले दिसते. यहूदा या राज्याचा राजा मनश्शे याने पंचावन्न वर्षे राज्य केले, मंदिरात मूर्ती बसवल्या आणि निरपराध रक्ताने यरुशलेम भरून टाकले, अशी तेथे नोंद आहे. त्याचा नातू योशीया याने सगळे साफ केले. इतका चांगला राजा पुन्हा झाला नाही असे तेच पुस्तक सांगते, आणि लगेच पुढे म्हणते की तरीही मनश्शेमुळे पेटलेला देवाचा कोप शमला नाही. इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम जाळले, त्याची कारणमीमांसा ही अशी आहे.

आता हे बाबेलमध्ये धरून नेलेल्या माणसांच्या जागी बसून ऐका. त्यांच्यातली एक तुकडी इ.स.पू. ५९७मध्येच तेथे पोहोचली होती आणि यहेज्केल नावाचा याजक तिच्यात होता. त्या लोकांत एक म्हण रूढ झाली होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. नीट पाहिले तर ही म्हण म्हणजे मनश्शेविषयीचा तोच निष्कर्ष आहे, फक्त तो ज्यांनी भोगला त्यांच्या तोंडून, कडवटपणे आलेला. यहेज्केल अठराव्या अध्यायात ही म्हण उच्चारायलाच बंदी करतो आणि एखाद्या वकिलाप्रमाणे तीन पिढ्यांचा खटला मांडतो: नीतिमान बाप, दुष्ट मुलगा, पुन्हा नीतिमान नातू, यांतल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा. जो पाप करील तोच मरेल. हा युक्तिवाद कोठे जाऊन थांबतो ते पाहण्यासारखे आहे. वळा आणि जिवंत राहा, या आवाहनावर तो थांबतो. आपले भवितव्य आजोबांनीच ठरवून टाकले आहे असे मानून हातपाय गाळलेल्या लोकांशी तो बोलत होता. निर्गमातली आज्ञा ज्यांना उद्देशून होती त्यांना उलट याची जाणीव देणे आवश्यक होते, की आपल्या वागण्याची किंमत आपल्यापाशीच संपत नाही.

गोष्ट येथेच संपली असती तर ‘संदर्भ वेगळे, म्हणून विधाने वेगळी’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण बायबलमधलेच ‘इतिहास’ या नावाचे दुसरे पुस्तक (२ इतिहास) उघडा. ते बंदिवासातून परत आल्यानंतरच्या काळातले आहे आणि त्याच्या लेखकापुढे राजांची हकीकत होती हे उघड दिसते, कारण पानेच्या पाने तो जवळजवळ शब्दशः घेतो. मनश्शेची दुष्कृत्येही तो तशीच घेतो. मात्र नंतर त्याचा मनश्शे बेड्या घालून बाबेलला नेला जातो, तेथे नम्र होऊन प्रार्थना करतो, आणि देव त्याला यरुशलेमला परत आणतो. राजांच्या पुस्तकात यातले अक्षरही नाही. अश्शूरचा राजा एसर्हद्दोन याच्या एका लेखात मांडलिक राजांच्या यादीत मनश्शेचे नाव आहे, पण कैदेचा उल्लेख तेथे नाही. प्रत्यक्षात काय घडले याचा निवाडा मी करू शकत नाही. मला एवढे दिसते की बाबेलला जाऊन, पश्चात्ताप करून परत आलेला राजा ही परत आलेल्या वाचकांची स्वतःचीच कथा होती. या पुस्तकात विनाशाचे खापरही मनश्शेवर फोडलेले नाही. शेवटचा राजा सिद्कीया आणि संदेष्ट्यांची टर उडवणारी त्याची पिढी यांच्यावर ते येते. यहेज्केलाने ज्या हिशेबाचा आग्रह धरला, त्याच हिशेबाने येथे इतिहास पुन्हा लिहिला गेला आहे. आणि तरीही राजांचे पुस्तक कोणी काढून टाकले नाही. दोन्ही मनश्शे एकाच ग्रंथात आहेत.

हे संकलकांच्या नजरेतून सुटले असेल का, अशी शंका येणे साहजिक आहे. नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय वाचल्यावर ती राहत नाही. चौथे वचन सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला धरून उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. पाचवे सांगते की त्याला त्याच्या मूर्खपणाला धरूनच उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. ही वचने एकमेकांना खेटून ठेवलेली आहेत, तेव्हा ती चुकून आली असे म्हणता येत नाही. मूर्खाशी ज्याची गाठ पडली आहे त्याला दोन्ही पटतात आणि आज कोणते लागू करायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. तालमुदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, अशी आठवण नोंदली आहे की परस्परविरोधी वचनांमुळे नीतिसूत्रे आणि उपदेशक ही पुस्तके बाजूला ठेवावीत असा विचार काही गुरूंनी केला होता, पण शेवटी तसे झाले नाही. या दोन वचनांपुरता त्यांनी असा मार्ग काढला की एक धर्मशास्त्राच्या चर्चेला लागू आहे आणि दुसरे व्यवहाराला. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पण प्रश्न त्यांना टोचला होता, आणि टोचूनही त्यांनी पुस्तक ठेवले, हे महत्त्वाचे.

शुभवर्तमानांच्या बाबतीत तर पर्याय प्रत्यक्ष हाताशी होता. मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ अशी आरोळी मारतो. लूकात तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. योहानात ‘पूर्ण झाले आहे’ म्हणून मस्तक लववतो. पहिली दोन वाक्ये स्तोत्रांतली आहेत, एक बाविसाव्या स्तोत्रातले आणि दुसरे एकतिसाव्या. ही सगळी वाक्ये एकामागून एक लावून ‘वधस्तंभावरील सात उद्गार’ वाचण्याची प्रथा जुनी आहे आणि उपासनेत तिला जागाही आहे, पण मार्क वाचताना मी ती बाजूला ठेवतो, कारण लूकाचे शांत वाक्य मागे जोडले की मार्काची आरोळी बोथट होते. दुसऱ्या शतकात, इ.स. १७०च्या सुमारास, तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने विणून एकच सलग कथा तयार केली होती. सिरियाक भाषिक मंडळ्यांत ती बराच काळ वाचली जात होती. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपाने तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने दिली. एकसंध, विसंगती नसलेले पुस्तक हाती असताना चार पुस्तके निवडली गेली.

प्रत्येक गाठ अशी सुटते असे मात्र समजू नये. दावीदाने खळे विकत घेतले ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात पन्नास शेकेल (वजनाचे जुने माप) रुप्याला आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सहाशे शेकेल सोन्याला. बारा वंशांकडून पन्नास-पन्नास घेतले म्हणून सहाशे, हा जुना हिशेब गमतीदार आहे, पण तो जुळवण्यासाठीच केलेला वाटतो. अशा ठिकाणी आकडे जुळत नाहीत असे सरळ म्हणावे. नव्या करारातल्या पत्रांचे लेखक पौल आणि याकोब यांच्यातला भेद मला इतका किरकोळ वाटत नाही. दोघेही अब्राहामाच्या विश्वासाविषयीचे उत्पत्तीतले एकच वाक्य पुढे करतात, पौल विश्वासाने, कर्मांवाचून, माणूस नीतिमान ठरतो हे दाखवायला, आणि याकोब केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनीही ठरतो हे दाखवायला. दोघांचे विरोधक वेगळे होते हे खरे आहे. तेवढ्याने ताण पुरता नाहीसा होतो असे मला वाटत नाही.

आपण श्रद्धेने वाचत आहात की जिज्ञासेने, हे आपण लिहिलेले नाही. या पद्धतीने दोघांनाही वाचता येते. पुढचे पुस्तक म्हणून ईयोब घ्या, असे सुचवीन. त्यात संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र पानोपान हेच सांगतात की दुःख म्हणजे पापाचे फळ, आणि शेवटी देव त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. त्यांची भाषणे तरीही पुस्तकात आहेत, आणि त्यांतले एक वाक्य, ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्ततेत धरण्याविषयीचे, पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ‘असे लिहिले आहे’ या अर्थाने उद्धृत करतो. ते बोलणारा अलीफज आहे, ज्याला देवाने नाव घेऊन झापले तोच.