लष्कराच्या रसदीच्या ताफ्यात ट्रक चालवताना भीती वाटते का?

आमच्या दर्यापूरकडच्या गावात पोट्टे मले हेच विचारतात. वाटते ना. पण गोळीची कमी, रस्त्याची जास्त.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होतो, श्रीनगर–लेह मार्गावर. अंतर 420 किलोमीटरच्या आसपास, पण एका दमात कोणी जात नाही. मध्ये ट्रान्झिट कॅम्पात मुक्काम. झोजिला घाट, उंची साडेअकरा हजार फूट, हिवाळ्यात बर्फाने बंद व्हायचा. म्हणून रेशन, रॉकेल, डिझेल सगळं उन्हाळ्यातच वर पोचवायचं.

पहिल्या खेपेला माझ्या मागे तांदळाची पोती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. उताराला गाडी खालच्या गिअरवर सोडायची, ब्रेकवर नाही. तापले की ब्रेक लागतच नाहीत. ओव्हरटेकचं तर नावच नको. एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग उभी, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या उभ्या राहतात तशी. फक्त इथे चहाची टपरी नाही अन् विरळ हवेनं डोकं ठणकत असते.

माय फोनवर विचारे, "तिकडं ऊन हाय काय रे?" होतं, चामडी सोलणारं. सावलीत गेलं की दात वाजत.