‘काही लागलं तर सांग’ म्हणून थांबू नका

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, बँकेत नोकरी करते. शाळेपासूनची माझी मैत्रीण विडी घरकुलात राहते. चार महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. यंत्रमागावर होते ते. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. ती घरीच विड्या वळते आणि त्यांचं सगळं करते. मी रोज फोन करून ‘धीर धर, होईल नीट, काही लागलं तर सांग’ म्हणायचे. परवा ती एकदम म्हणाली, ‘तुझा धीर तुझ्याजवळच ठेव.’ त्यानंतर मी फोन केलेला नाही. तिला त्रास नको म्हणून लांब राहू का?

उत्तर : नका राहू, ताई. ती तुमच्यावर चिडली, कारण तुमच्यापुढे चिडता येतं. बाकी सगळ्यांना ती ‘बरं चाललंय’ म्हणत असेल. पहिल्या महिन्यात नारळपाणी घेऊन माणसं आली असतील. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं असेल, कुणी मांत्रिकाचा पत्ता दिला असेल. आता चौथ्या महिन्यात दार कुणी वाजवत नाही, आणि खरी दमछाक आत्ताच सुरू आहे.

तिचं काम डोळ्यांपुढे आणा. पानं भिजवायची, कापायची, मग तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. दोन्ही हात आणि नजर तिथेच लागते. मजुरी मिळते हजारी विड्यांवर. नवऱ्याला पाणी पाजायला उठली की हात थांबले, अंथरूण बदलायला उठली की पुन्हा थांबले. अशा बाईला ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं, की काय लागतंय ते आठवायचं, कुणाकडे मागायचं ते ठरवायचं आणि वर उपकाराचं ओझं घ्यायचं, हे सगळं तिच्याच अंगावर पडतं.

म्हणून तुम्हीच ठरवून सांगा : ‘दर रविवारी दोन ते पाच मी येणार. मी दाजींजवळ बसते, तू झोप.’ तिला झोपायचं नसेल तर शेजारी बसून पानं कापायला घ्या. हाताला काम असलं की बायका जास्त बोलतात. ती बोलेल तेव्हा उपाय सुचवू नका, दुसऱ्या कुणाचं याहून वाईट झालं तेही सांगू नका. ‘फार अवघड आहे गं हे’ एवढं पुरे.

दाजींना कुशीवर कसं वळवायचं ते तिच्याकडूनच शिकून घ्या. स्वतःहून हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर अंगाला जखमा होतात. त्यांना काही भरवण्याआधी तिला विचारा, कारण या आजारात गिळताना ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, वेळ द्या. बोलता येत नसलं तरी कळत असू शकतं, म्हणून त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल हळहळू नका. झटक्यानंतर उदासी, चिडचिड, अचानक रडू येणं पुष्कळांना होतं. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगायला हवं.

जाताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. टिकते, आणि तिची एका वेळची चूल वाचते.

तुम्ही बँकेत आहात, तेव्हा कागदांचं काम सरळ अंगावर घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मग संजय गांधी निराधार योजनेत बसतात का ते पाहा. रेशनकार्ड आणि आधार तपासून ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला लागतील. तिथल्या रांगेत उभं राहायला तिच्याकडे दिवस नाही, तुम्ही एक रजा टाका.

एका गोष्टीकडे मात्र कान ठेवा. ‘सुटले तर बरं’ असं ती म्हणाली, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का गं?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, फोन मोफत आहे, मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. धोका समोरच दिसला तर 112 लावा.

आधी फोनवर खुलासे करत बसू नका, या रविवारीच जा. दारातून परत पाठवलं तर डबा ठेवून या, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला पुन्हा जा.