मोठं भिंग आणलं तरी आईला पेपर वाचता येत नाही, काय करावं?

आईंची नजर ६/६० (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते त्यांना ६ मीटरवरून दिसतं), मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग खराब झालेला, आणि दुकानातलं सर्वांत मोठं भिंग आणूनही अक्षर लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. भिंग जितकं रुंद तितकी त्याची पॉवर कमी. ताटलीएवढी भिंगं साधारण २ ते ४ डायॉप्टरची (डायॉप्टर हे पॉवरचं माप) असतात. ६/६० ला सुरुवात १० पासून करतात (६० भागिले ६). पेपरची शाई फिकी असल्याने बऱ्याचदा १२ लागतं.

पण भिंगाआधी डोळ्याला बघायची जागा शिकवा. मॅक्युला गेला की नजरेच्या मधोमध डाग पडतो, कडेचं दिसत राहतं. सरळ पाहिलं तर मोठं केलेलं अक्षरही त्याच डागात जातं. कागदावर ५ सेंटीमीटर उंच ‘क’ काढा. त्याभोवती घड्याळ आहे असं समजून आईंना १२, ३, ६, ९ कडे आळीपाळीने बघायला सांगा. नजर जिथे ठेवल्यावर ‘क’ सर्वांत स्पष्ट दिसतो, ती त्यांची जागा. रोज दोनदा १०-१५ मिनिटं सराव, आधी सुटी अक्षरं, मग शब्द. डोळे आणि मान स्थिर ठेवून कागद डावीकडे सरकवायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं: सवयीने डोळा फिरतो आणि जागा सुटते. सुरुवातीला फार थकवा येतो, म्हणून लवकर थांबवा, पण रोज करा.

मग भिंग. १२ डायॉप्टरचं कागदापासून सुमारे ८ सेंटीमीटरवर धरायचं (१०० भागिले पॉवर). कागदावर टेकवून हळूहळू वर उचला, डोळा भिंगाजवळ न्या. जवळून एका वेळी जास्त अक्षरं दिसतात. हात थरथरत असेल तर स्टँडचं भिंग घ्या, त्यावर जवळचा चष्मा लावूनच बघायचं. चष्म्याचा नंबर मात्र आधी नव्याने तपासून घ्या.

दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूने, कागदापासून फूटभर. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. ओळ चुकत असेल तर चमक नसलेल्या काळ्या पुठ्ठ्यात ओळीएवढी खाच कापा, पण वेलांटी आणि उकार झाकले जाणार नाहीत इतकी उंच.

आणखी एक, तुम्हीच विचारा: नसलेली माणसं किंवा नक्षी दिसते का? हा शार्ल बॉने सिंड्रोम, म्हणजे नजर कमी झाल्याने होणारे भास, वेड नव्हे. भीतीपोटी म्हातारी माणसं सांगत नाहीत. सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर मात्र सराव बाजूला ठेवून लगेच रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या.