ग्रंथालयीन प्रश्नोत्तरे: आयात नोंदी, टोपणनावे आणि न सापडणारा ‘ऱ्य’

प्रश्न: आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या प्रक्रिया विभागात पुस्तकांचा मोठा ढीग साचला आहे. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी आम्ही झेड39.50 (इतर ग्रंथालयांच्या नोंदी शोधून आणण्याची प्रमाणित पद्धत) मार्फत कोहा या ग्रंथालयीन सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतो. पण त्या जशाच्या तशा स्वीकाराव्यात की प्रत्येक नोंद तपासावी, यावर विभागात एकमत होत नाही. मराठी पुस्तके मात्र हाती तालिकीकृत करावी (ग्रंथालयाच्या तालिकेत म्हणजे ग्रंथसूचीत नोंदवावी) लागतात आणि म्हणून तीच मागे पडतात.

उत्तर: इंग्रजी पाठ्यग्रंथाची तयार नोंद अक्षर न् अक्षर पडताळण्यात अनुभवी तालिकाकाराचा वेळ घालवणे मला उधळपट्टी वाटते. पाहायचे ते इतकेच: नोंद आपल्या हातातील आवृत्तीचीच आहे ना, आयएसबीएन व प्रकाशनवर्ष जुळते ना, आणि 082 या क्षेत्रातील (नोंदीतील क्रमांकित रकान्यातील) वर्गांक, म्हणजे ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार विषयाला दिलेला अंक, आपल्या कपाटांवरील क्रमाशी विसंगत नाही ना. परदेशी प्रकाशकाच्या भारतीय आवृत्तीचा आयएसबीएन बहुधा वेगळा असतो आणि पृष्ठसंख्याही बदललेली असू शकते; म्हणून फसगत सर्वांत जास्त तिथेच होते. वर्गांकात मध्येच तिरकी रेघ दिसली, तर तो अंक जिथे तोडता येतो ती जागा तिने दाखवलेली असते. लहान संग्रहाने तिथेच थांबावे. पुस्तकाच्या पाठीवर दहा-अकरा अंकांची चिठ्ठी लावून वाचकाची सोय होत नाही.

यातून वाचलेला वेळ मराठी पुस्तकांना द्यावा. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाच्या नवी दिल्लीतील कार्यालयामार्फत 1962 पासून भारतीय भाषांतील पुस्तके तिकडे जात आहेत, त्यामुळे अनेक मराठी पुस्तकांच्या नोंदी तिथे मिळतात. पण त्यांतील शीर्षक रोमन लिपीत, स्वरचिन्हांसह असते आणि देवनागरी असलीच तर 880 या दुसऱ्या लिपीतील रूपासाठीच्या क्षेत्रात असते. आपल्या वाचकांसाठी मी 245 या शीर्षकाच्या क्षेत्रात देवनागरी व 880 मध्ये रोमन अशी अदलाबदल करण्याच्या मताचा आहे. कोणताही पर्याय घेतलात तरी तो विभागाच्या नियमपुस्तिकेत तारखेसह लिहून ठेवावा, नाहीतर कर्मचारी बदलला की पद्धतही बदलते.

ढिगाबाबत एक व्यावहारिक सूचना. पुस्तक दाखल नोंदवहीत चढले, बारकोड लागला, आणि लेखक, शीर्षक, आयएसबीएन एवढी संक्षिप्त नोंद झाली की ते मागणीनुसार देवघेवीस उपलब्ध करावे. विषयशीर्षके व इतर तपशील नंतर भरता येतात. मात्र अशा नोंदीवर ‘अपूर्ण’ अशी खूण हवी, कारण ती नसेल तर ‘नंतर’ कधीच येत नाही.

प्रश्न: कवितासंग्रह ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने नोंदवावीत, की दोन्ही एकाच नावाखाली आणावीत? आमच्या तालिकेत दोन्ही प्रकार आहेत आणि त्याशिवाय ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ असा तिसराही.

उत्तर: एकाच लेखकाने वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी जाणीवपूर्वक वेगळी नावे वापरली असतील, तर एएसीआर-2 आणि 2010 नंतरची आरडीए या तालिकीकरणाच्या दोन्ही आंतरराष्ट्रीय संहिता ती नावे स्वतंत्र मानण्यास सांगतात. म्हणून कवितेला ‘कुसुमाग्रज’ आणि नाटकाला ‘शिरवाडकर, वि. वा.’ हेच योग्य. राम गणेश गडकरींच्या बाबतीत तर अशी तीन नावे होतात: नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’. चिं. त्र्यं. खानोलकर व ‘आरती प्रभू’ यांनाही हाच नियम लागू होतो. केशवसुतांचे तसे नाही. त्यांचे काव्य त्या एकाच नावाने ओळखले जाते, म्हणून कृष्णाजी केशव दामले हे नाव केवळ ‘पाहा’ संदर्भ (अधिकृत नावाकडे नेणारी सूचना) म्हणून ठेवावे.

परंतु हा नियम ऑथॉरिटी फाइलशिवाय (नावांच्या अधिकृत रूपांच्या नोंदींशिवाय) पाळला, तर तो वाचकाला अर्ध्या पुस्तकांपासून दूर ठेवतो. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर यांच्या स्वतंत्र अधिकृत नोंदी करून प्रत्येकीत 500 या क्षेत्रात दुसऱ्याचा ‘हेही पाहा’ संदर्भ द्यावा. विष्णु वामन हे पूर्ण रूप 400 मध्ये ‘पाहा’ म्हणून घालावे आणि त्या रूपाखाली लागलेल्या जुन्या नोंदी शिरवाडकरांच्या अधिकृत रूपाकडे वळवाव्यात. पुस्तकावर दोन्ही नावे एकत्र छापलेली असतील, तर त्या लेखनप्रकारासाठी ठरलेले नाव प्रमुख धरावे आणि दुसरे शीर्षकपृष्ठावर आहे तसे जबाबदारीच्या विधानात (नोंदीतील लेखकाचे नाव देणाऱ्या भागात) उतरवावे. वेगळ्या नावांमुळे कपाटावर पुस्तके विखुरतील, ही भीती अनाठायी आहे: कविता 891.461 मध्ये आणि नाटक 891.462 मध्ये असल्याने ती एरवीही शेजारी येत नव्हतीच.

प्रश्न: ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शीर्षकात असलेली पुस्तके आमच्या ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत) कधी सापडतात, कधी सापडत नाहीत. पडद्यावर शब्द अगदी सारखा दिसतो. दोष सॉफ्टवेअरचा समजावा काय?

उत्तर: सॉफ्टवेअरचा काही अंशी, पण मूळ कारण टंकलेखनात आहे. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही असेच: 2008 मध्ये युनिकोडने (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणाने) त्यासाठी स्वतंत्र अक्षर दिले, परंतु त्याआधी आणि पुष्कळदा त्यानंतरही लोक ‘अ’वर चंद्र जोडत आले आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने या जोड्या आपोआप एक होत नाहीत, त्यामुळे हे काम ग्रंथालयालाच करावे लागते.

प्रथम एक रूप निश्चित करावे. मी ‘ऱ’ आणि ‘ॲ’ ही स्वतंत्र अक्षरे असलेले रूप सुचवीन. नंतर कोहातील मार्क (नोंदींचा संगणकीय आराखडा) बदल-साच्याच्या साहाय्याने जुन्या नोंदींत गठ्ठ्याने बदल करावा, अर्थात आधी विदागाराची (डेटाबेसची) प्रत काढून आणि मोजक्या नोंदींवर चाचणी घेऊनच. वाचक दुसरे रूप टंकित करील त्याचीही व्यवस्था हवी. झेब्रा हे कोहाचे शोधयंत्र वापरत असाल तर त्याची अनुक्रमणी आयसीयू (युनिकोडमधील विविध लिप्या हाताळणारी) पद्धतीने केलेली आहे ना, हे पाहावे. देवनागरीसाठी ती आवश्यक आहे आणि तिच्या नियमांत एक रूप दुसऱ्यात बदलण्याची सूचनाही लिहिता येते. जुन्या प्रणालीतून आलेल्या नोंदी बिगर-युनिकोड फाँटात असतील, तर हे सारे करण्यापूर्वी त्यांचे रूपांतर करणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती याच व्याधीची आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांची शीर्षके त्या काळच्या अनुस्वारांसह छापलेली असतात. 245 मध्ये ती जशी छापली तशीच उतरवावीत. ती ‘सुधारण्याचा’ मोह काही तालिकाकारांना होतो आणि मग मूळ पुस्तक हाती असूनही नोंद त्याची वाटत नाही. आजच्या लेखनातील रूप 246 मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्यावे, म्हणजे विद्यार्थ्याने ‘मराठीतील’ असे शोधले तरी ‘मराठींतील’ सापडेल.

प्रश्न: ड्यूईची नवी आवृत्ती आली की जुन्या पुस्तकांचे पुनर्वर्गीकरण करावे का?

उत्तर: सरसकट करू नये. नव्या आवृत्तीनुसार नवीन पुस्तकांना अंक द्यावेत आणि जुनी जिथे आहेत तिथे राहू द्यावीत, जोवर एकच विषय दोन दूरच्या कपाटांत विभागला जात नाही. संगणकविषयक पुस्तके 1985 च्या सुधारणेने 001.6 मधून 004 ते 006 मध्ये गेली तेव्हा तसे झाले होते. अशा वेळी आधी देवघेवीच्या नोंदींवरून कोणती जुनी पुस्तके अजून वाचली जातात ते काढावे, तेवढ्यांचेच अंक बदलावेत आणि पाठीवरची चिठ्ठी, कोहातील 952 हे प्रतीच्या तपशिलाचे क्षेत्र व दाखल नोंदवही या तिन्ही ठिकाणी बदल एकाच दिवशी पुरा करावा. उरलेली बहुतेक पुस्तके पुढच्या निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकण्याच्या) यादीत जाण्याचीच शक्यता असते.